ओझ्याचा हिशेब ठेवावा की सोडून द्यावा? टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील वजनाचे नियम

कंदीलधारी

नमस्कार. गेली सहा वर्षे मी एकाच गटासाठी डंजन मास्टरचे, म्हणजे इतरांनी आपापले पात्र रंगवायच्या या फाशांच्या खेळात गोष्ट चालवणाऱ्याचे, काम करतो आहे आणि त्यांतली पहिली पाच वर्षे आमच्या टेबलावर ओझ्याच्या नियमाबाबत अळीमिळी गुपचिळी होती. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, वजनाचा रकाना होता, पहिल्या सत्रात तो भरला जाई आणि नंतर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मागच्या मोहिमेत एका तळघरातून बाहेर पडताना एक खेळाडू सहज म्हणाला, "त्या दोन संगमरवरी मूर्तीही मी घेतो." कशा घेणार, असे विचारल्यावर त्याची यादी तपासली, तर तीत आधीच तीन तलवारी, एक शिडी, एक ऐरण आणि बिजागरांसकट उचकटलेला दरवाजा निघाला. ऐरण कधी घेतली हे त्याचे त्यालाही आठवेना. आम्ही सगळे पोट धरून हसलो, मूर्तीही त्याला मिळाल्या. परंतु ज्या खेळात प्रत्येक फाशाला अर्थ असावा असा आपला आग्रह असतो, तिथे हा एक रकाना इतका निरर्थक का राहतो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ची, खेळतो. तिचा मूळ नियम सोपा आहे: पात्राच्या स्ट्रेंग्थच्या, म्हणजे ताकदीच्या, आकड्याला १५ने गुणावे, तितके पौंड पात्र वाहू शकते. स्ट्रेंग्थ १० म्हणजे अगदी सर्वसामान्य माणूस. तो १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो, पाठीवर घेऊन दिवसभर त्याच वेगाने चालतो आणि लढतोही. एवढी उदार मर्यादा सहसा कोणी ओलांडत नाही, त्यामुळे हिशेब ठेवण्याचे कष्ट पडतात पण त्या हिशेबातून काही घडत नाही.

त्याच पुस्तकात एक पर्यायी नियमही दिलेला आहे. त्यानुसार स्ट्रेंग्थच्या पाचपटीपेक्षा अधिक वजन झाले की वेग १० फुटांनी घटतो आणि दहापटीपेक्षा अधिक झाले की २० फुटांनी घटतो. या दुसऱ्या पायरीला शिवाय स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि कॉन्स्टिट्यूशनवर (काटकपणा) टाकायच्या फाशांना डिसअॅडव्हांटेज लागतो, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरावा लागतो. आम्ही हा नियम लागू करून पाहिला. एक्सप्लोरर्स पॅक नावाचा जो तयार संच नव्या पात्राला मिळतो त्याची बेरीज करून पाहा: पाठपिशवी ५, वळकटी ७, जेवणाची भांडी १, चकमकीची डबी १, दहा मशाली १०, दहा दिवसांचा शिधा २०, भरलेली पखाल ५ आणि पन्नास फूट दोर १०. एकूण ५९ पौंड. आमच्या जादूगाराची स्ट्रेंग्थ ८ आहे, म्हणजे त्याची पहिली मर्यादा ४० पौंड. पुस्तकानेच दिलेला संच पाठीवर घेतला की बिचारा घराच्या उंबऱ्यातच मंदावतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. तिसऱ्या सत्रात सर्वानुमते आम्ही हा नियमही गुंडाळून ठेवला.

त्यानंतर मी जुन्या आवृत्त्या उघडल्या आणि १९८१च्या बेसिक व एक्स्पर्ट संचांत मला पहिल्यांदा या नियमाचे प्रयोजन दिसले. तिथे वजनाचे एकक नाणे आहे. ४०० नाण्यांपर्यंतच्या ओझ्यासह पात्र दर टर्नला, म्हणजे दर दहा मिनिटांना, १२० फूट अंतर शोध घेत पार करते. ६००पर्यंत ९० फूट, ८००पर्यंत ६० फूट आणि १६००पर्यंत केवळ ३० फूट. त्यापुढे पाऊल उचलत नाही. प्लेट चिलखत ५००, ढाल १००, तलवार ६०, आणि दोर, मशाली, खुंट्या असे सगळे किरकोळ सामान मिळून सरसकट ८०. अशा योद्ध्याच्या अंगावर रिकाम्या हातानेच ७४० नाण्यांचे ओझे असते.

आता हा योद्धा खजिन्यापाशी पोहोचला आहे आणि बाहेरचे दार ३०० फुटांवर आहे अशी कल्पना करा. ६० नाणी उचलली तर तो पाच टर्नमध्ये बाहेर येईल. ६१वे नाणे उचलले की चाल ३० फुटांवर येते आणि तेवढ्याच वाटेला दहा टर्न लागतात. एक मशाल सहा टर्न जळते, म्हणजे दुसरी पेटवावी लागणार. दर दोन टर्नना भटक्या राक्षसांसाठी फासा टाकायचा असतो आणि सहात एक शक्यता असते. अशा पाच फाशांत किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते. याउलट चामड्याचे चिलखत घातलेला हलका सोबती अडीच टर्नमध्ये, एकाच फाशावर बाहेर पडू शकतो. पण गटाची चाल सर्वांत मंद पात्राची असते, त्यामुळे तोही अडकतो. आणि बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असल्यामुळे खजिना टाकून पळणे म्हणजे स्वतःची प्रगती टाकून पळणे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की वजनाचा नियम एकटा कधीच चालत नाही. ज्या खेळात वेळेची किंमत मोजावी लागते तिथेच ओझ्याला अर्थ येतो. वेळ फुकट असेल तर ओझे ही नुसती बेरीज उरते. पुढच्या आवृत्त्यांनी एक पौंडाला दहाऐवजी पन्नास नाणी धरली, त्यामुळे २००० नाण्यांचे २०० पौंड होते ते ४० पौंडांवर आले, आणि सोन्यामागे अनुभवगुण देण्याची पद्धतही मागे पडली. रकाना तेवढा शिल्लक राहिला. जाणकारांनी आपली मते आणि आपापल्या टेबलांवरचे अनुभव मांडावेत, ही विनंती.

---

तराजू

धागा आवडला, आणि बेसिक संचांविषयी आपण जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र "वेळेची किंमत नसेल तर ओझे निरर्थक" हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मी अनेक वर्षे गर्प्स नावाचा दुसरा रोलप्लेइंग खेळ खेळतो. २००४च्या चौथ्या आवृत्तीत ओझ्याचा पहिला फटका घड्याळाला बसत नाही, तो सरळ जिवावर बसतो.

तिथे ताकदीच्या वर्गाला पाचने भागून बेसिक लिफ्ट काढतात. ताकद १० असेल तर २० पौंड, ताकद १४ असेल तर ३९, आणि ताकद २० असेल तर ८०. म्हणजे दुप्पट ताकदवान माणूस चौपट ओझे वाहतो. या आकड्यापर्यंत काही त्रास नाही. दुपटीपर्यंत हलके ओझे, तिपटीपर्यंत मध्यम, सहापटीपर्यंत जड आणि दहापटीपर्यंत अतिजड. प्रत्येक पायरीला चाल एक पंचमांशाने घटते आणि वार चुकवण्याचा आकडा, म्हणजे डॉज, एकेक गुणाने उतरतो.

आपलाच ५९ पौंडांचा संच सर्वसामान्य माणसाच्या पाठीवर ठेवू. ते मध्यम ओझे झाले. त्याची चाल ५वरून ३वर येते आणि डॉज ८चा ६ होतो. तीन फाशांवर ८ किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, ६ किंवा कमी पडण्याची जेमतेम ९ टक्के. म्हणजे पाठीवरचे गाठोडे खाली टाकले तर वाचण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होते. त्यामुळे आमच्या टेबलावर कोणी झाडीतून बाहेर उडी मारली की सगळ्यांच्या तोंडून पहिले वाक्य "पिशवी टाकली" असे येते. मग लढाई हरत आली आणि पळावे लागले, तर ती पिशवी उचलायला परत जायचे की नाही, हा त्याहून अवघड प्रश्न उभा राहतो. आमच्या एका मोहिमेत सगळ्या औषधांची पेटी अशीच एका खिंडीत राहिली आणि पुढची चार सत्रे ती परत मिळवण्यात गेली. त्यात कुठेही घड्याळ नव्हते.

पौंडांची बेरीज करणे कंटाळवाणे असते हे मान्य. मी एक उपाय करतो: प्रत्येक पात्राच्या दोन बेरजा आधीच काढून ठेवायच्या, एक पिशवीसकट आणि एक पिशवीविना. लढाईत त्याहून जास्त काही लागत नाही.

---

वीसफाशी

तराजूंचा मुद्दा बिनतोड आहे, पण दोन बेरजा आधीच काढून ठेवणारे खेळाडू माझ्या नशिबी नाहीत. माझ्या गटात वजाबाकी आली की चहा आठवतो. म्हणून मी तीन वर्षांपूर्वी पौंड सोडून दिले आणि स्लॉट स्वीकारले.

ज्यांना परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पात्राकडे ठरावीक जागा असतात आणि साधारणतः एक वस्तू एक जागा अडवते. नेव्ह नावाच्या खेळात या जागा कॉन्स्टिट्यूशनवर ठरतात. २०२३च्या शॅडोडार्कमध्ये स्ट्रेंग्थचा आकडा किंवा १०, यांतील जे अधिक असेल तेवढ्या जागा मिळतात आणि पहिली शंभर नाणी फुकट वाहता येतात. केर्नमध्ये दहा जागा आहेत आणि दहाही भरल्या की पात्राचे हिट प्रोटेक्शन, म्हणजे इजा टाळण्याची क्षमता, शून्यावर येते. हा शेवटचा नियम मला विलक्षण आवडतो, कारण त्यात तक्ता नाही, टक्केवारी नाही आणि तरीही दहावी वस्तू उचलताना हात थरथरतो.

स्लॉटचा खरा लाभ मला माउसरिटरमध्ये कळला. त्या खेळात पात्रे म्हणजे उंदीर असतात आणि प्रत्येक वस्तू हे कागदाचे एक लहान चौकोनी कार्ड असते. शीटवर दोन पंजांच्या, दोन अंगावरच्या आणि सहा पिशवीच्या अशा दहा चौकटी छापलेल्या असतात आणि कार्डे त्यांवर प्रत्यक्ष ठेवायची असतात. मोठी वस्तू दोन चौकटी अडवते. बेरीज करावीच लागत नाही, कार्ड बसले नाही की वस्तू बसली नाही. त्यातही गंमत अशी की भूक, थकवा, भीती यांचीही कार्डे असतात आणि तीही याच चौकटींत ठेवावी लागतात. आमच्या एका खेळाडूची पिशवी काठोकाठ भरलेली असताना पात्र घाबरले; भीतीचे कार्ड हातात घेऊन ती बराच वेळ शीटकडे पाहत राहिली आणि शेवटी कंदिलाचे कार्ड उचलून बाजूला ठेवले. भीतीने हातातला दिवा गळून पडतो हे कोणी वर्णन करून सांगितले नव्हते, ते त्या चौकटीतून आपोआप घडले.

---

तराजू

@वीसफाशी, प्रसंग सुंदर आहे. परंतु एक खंजीर आणि पन्नास फुटांचा दोर यांना सारखीच जागा, हे आपल्या पचनी पडते का?

---

वीसफाशी

पडते, कारण स्लॉट हे वजनाचे माप आहे असे मी मानतच नाही. वस्तू किती अडचणीची आहे, पटकन हाताशी येते का, तिच्यामुळे दुसऱ्या किती गोष्टी नीट बांधता येत नाहीत, या सगळ्यांचे ते एकत्रित माप आहे. दहा फुटांची बांबूची काठी वजनाला काहीच नसते, पण ती घेऊन वळणाच्या जिन्यावरून उतरून पाहा. २०१९च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने हाच विचार बल्क या नावाने नियमात आणला आहे. दहा हलक्या वस्तूंचा एक बल्क, हजार नाण्यांचा एक बल्क. पाच अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीनुसार ठरणारी भर) इतके बल्क निर्धोक, त्यापुढे चाल दहा फुटांनी कमी आणि हालचालीत बोजडपणा, आणि दहा अधिक मॉडिफायर ही अंतिम मर्यादा. खंजिराचा बल्क हलका आहे, म्हणजे दहा खंजिरांचा एक बल्क होतो.

---

अर्धा_नकाशा

मी ऑनलाइन टेबलावर खेळते. वजनाची बेरीज तिथे सॉफ्टवेअर आपोआप करते, मर्यादा ओलांडली की आकडा लाल होतो. बेरजेचा कंटाळा हेच जर खरे कारण असते, तर आमच्याकडे हा नियम जोरात चालायला हवा होता. प्रत्यक्षात आमचे चारही आकडे गेले वर्षभर लाल आहेत आणि कोणाला त्याचे सोयरसुतक नाही. त्यामुळे या बाबतीत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

---

मुक्कामपोस्ट

चर्चा वाचतो आहे. एक वेगळी बाजू मांडतो.

ओझ्याच्या बहुतेक नियमांत असे गृहीत धरलेले असते की पात्राने काय घेतले आहे हे खेळाडूने घरून निघतानाच ठरवावे. परिणामी मोहिमेचा पहिला तास बाजारहाट करण्यात जातो; पहार घ्यायची की हातोडी, खुंट्या दहा की वीस, यावर वाद होतात आणि आत गेल्यावर त्यांतले निम्मे काही लागत नाही. २०१७च्या ब्लेड्स इन द डार्कने ही गाठ उलट्या बाजूने सोडवली. तिथे कामगिरीवर निघताना फक्त ओझ्याची पातळी जाहीर करायची: हलके म्हणजे तीन वस्तू, मध्यम म्हणजे पाच, जड म्हणजे सहा. वस्तू कोणत्या हे तेव्हा सांगायचे नाही. आत गेल्यावर कुलूप आडवे आले की "माझ्याकडे हत्यारांचा जुडगा आहे" असे म्हणून त्या तीन-पाचांतली एक चौकट खुणेने भरायची. पात्र मुरलेला चोर आहे, त्याने घरून विचार करूनच सामान घेतले असणार; तो विचार खेळाडूला आधी सुचला नाही म्हणून पात्राला शिक्षा का, असा त्यामागचा युक्तिवाद आहे.

आणि हलके ओझे घेण्याचा मोबदलाही सरळ आहे. हलके ओझे असलेला माणूस गर्दीत मिसळून जातो, जड ओझे असलेला कामावर निघालेला भामटा म्हणून दुरूनच ओळखू येतो. म्हणजे धागाकर्त्यांकडे ओझ्याची किंमत वेळेत मोजली जाते, तराजूंकडे जिवात, आणि इथे ती लोकांच्या नजरेत मोजली जाते.

---

कंदीलधारी

सर्वांचे आभार. तराजू, आपले म्हणणे मान्य. "वेळ" हा शब्द मी फार अरुंद अर्थाने वापरला होता. ओझ्याची काही ना काही किंमत लगेच, त्याच प्रसंगात चुकवावी लागली पाहिजे, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. अर्धा_नकाशा यांचे लाल आकडे याचा उत्तम पुरावा आहेत.

मुक्कामपोस्ट, ब्लेड्सची पद्धत मला चोरीच्या कथेसाठी पटते, पण दीर्घ शोधमोहिमेसाठी पटत नाही. तिथे आपल्याजवळ दोर नाही हे आत गेल्यावर कळण्यातच निम्मा खेळ असतो. ऐनवेळी दोर "निघू" शकला, तर विहिरीची भीती कोणाला वाटणार?

---

नवखा२०

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध असल्यास क्षमस्व. आमच्या गटाला दुसऱ्याच मोहिमेत बॅग ऑफ होल्डिंग, म्हणजे आत भरपूर सामान मावणारी जादूची पिशवी, मिळाली. त्यानंतर या सगळ्याला काही अर्थ उरतो का?

---

वीसफाशी

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. पाचव्या आवृत्तीत ती पिशवी ५०० पौंड किंवा ६४ घनफूट सामान पोटात घेते आणि स्वतः कायम १५ पौंडच भरते, त्यामुळे लूट वाहण्याची चिंता खरोखर संपते. पण बारकावे पाहा. आतली वस्तू काढायला एक अॅक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, खर्च होते, म्हणजे लढाईत लागणारे औषध तीत ठेवणे शहाणपणाचे नाही. ती फाटली तर आतले सगळे अॅस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात विखुरते. टोकदार सामान आत कोंबताना मी खेळाडूंकडे नुसता पाहतो, तेवढे पुरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सगळ्या गटाची सगळी चीजवस्तू एकाच पिशवीत असेल तर चोराला एकच पिशवी चोरावी लागते. माझा व्यक्तिगत सल्ला असा की पहिल्या काही मोहिमांत ती देऊच नये. त्याऐवजी खेचर द्यावे. खेचर भरपूर वाहते, पण त्याला चारावे लागते, ते शिडी चढत नाही आणि नको त्या वेळी ओरडते. त्या ओरडण्यातून जेवढ्या कथा निघतात तेवढ्या कुठल्याही जादूच्या पिशवीतून निघत नाहीत.

---

अर्धा_नकाशा

या धाग्यात एक ओझे कोणीच मोजलेले नाही: बेशुद्ध पडलेला सोबती. त्याला किती स्लॉट?

---

कंदीलधारी

योगायोग म्हणजे गेल्याच आठवड्यात आमच्या टेबलावर हेच घडले, म्हणून सविस्तर लिहितो. पर्यायी नियम आम्ही पुन्हा सुरू केला आहे, फक्त पाचपट आणि दहापट या मर्यादांऐवजी सातपट आणि बारापट धरतो, म्हणजे जादूगाराला निदान वळकटी सोडून बाकीचे सामान नेता येते.

त्या दिवशी तळघरात पाणी चढत होते. तिसरी खेळाडू गैरहजर असल्याने आत दोघेच होते आणि योद्धा शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीवशक्ती संपलेला, जखमा बांधून स्थिर केलेला, पण बेशुद्ध. अशा माणसाला शुद्धीवर यायला एक ते चार तास लागतात आणि पाणी तेवढे थांबणार नव्हते. जादूगाराची स्ट्रेंग्थ ८, म्हणजे वाहण्याची मर्यादा १२० पौंड आणि ओढण्याची त्याच्या दुप्पट, २४०. योद्ध्याचे वजन किती, हे शीटवर कोणीच लिहिले नव्हते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४च्या मूळ नियमांत माणसाचे वजन १७५० नाणी दिलेले आहे. दहा नाण्यांचा पौंड धरून आम्ही १७५ मानले. प्लेट चिलखत ६५, आणि पाठीवर तोच ५९ पौंडांचा संच. एकूण २९९, तलवार आणि ढाल वेगळी.

त्यानंतर सुमारे वीस मिनिटे आमच्या टेबलावर जे चालले ते मी पाच वर्षांत पाहिले नव्हते. जादूगाराचा खेळाडू, जो एरवी वजाबाकीला घाबरतो, कागद घेऊन बसला. चिलखत काढावे का? ते काढायला पाच मिनिटे लागतात, आणि काढले तरी उरलेले १७५ पौंड त्याच्या १२०च्या वरच. मर्यादेपेक्षा अधिक ओझे ओढताना चाल ५ फूटच राहते. म्हणजे चिलखत काढून वेग वाढत नाही, वेळ मात्र जातो. उलट ५९ पौंडांचे गाठोडे, तलवार आणि ढाल टाकली की राहतात बरोबर २४०, एक पौंडही जास्त नाही. जिन्यापर्यंतचे १२० फूट सहा सेकंदांच्या चोवीस फेऱ्यांत, अडीच मिनिटांच्या आत पार होतात. त्याने स्वतःची पिशवी आधीच पाण्यात सोडून दिली होती. आता योद्ध्याच्या खांद्यावरचे पट्टे कापले, मशाल दातांत धरली आणि ओढायला सुरुवात केली. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले तेव्हा ते दोघे पहिल्या पायरीवर होते.

अर्धा_नकाशा, तेव्हा स्लॉटचे उत्तर माझ्याकडे नाही, पौंडांचे आहे: चिलखतासकट बरोबर २४०.

योद्धा अडीच तासांनी शुद्धीवर आला. आभार वगैरे काही न मानता त्याने पहिला प्रश्न विचारला, "माझा दोर कुठे आहे?" पुढच्या सत्राचा नकाशा मी आधीच काढून ठेवला आहे आणि त्याच्या तिसऱ्या दालनात विहीर आहे.